पारोळ्याच्या बाजारात सोडलेला कुत्रा

आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या घराच्या फाटकाला चार बाटल्या टांगलेल्या असायच्या. थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या, त्यात पाणी, पाण्यात चिमूटभर कुंकू. लाल पाणी दिसलं की कुत्री दारात येत नाहीत असं कुणीतरी कधीतरी सांगितलं आणि आमच्या गल्लीत घरोघर बाटल्या लागल्या. बाकीच्यांनी एकदा लावल्या आणि विसरून गेले. उन्हानं त्यांचं पाणी आधी गुलाबी झालं, मग पांढरं. माझ्या बाटल्या मात्र कायम लालभडक. आठ दिवस झाले की मी पाणी बदलायचीच. नात म्हणायची, "आजी, ह्या बघून कुत्री नाही जाणार, पण सरबत मागायला गिऱ्हाईक येईल एखाद दिवशी."

लोकांना वाटायचं, मला कुत्र्यांचा राग आहे. मीही वाटू दिलं. राग आहे म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

ह्या बाटल्यांना न जुमानणारी एकच होती. तांबूस रंगाची कुत्री, मागचा उजवा पाय अधांतरी धरून तीन पायांवर चालायची. उन्हाळ्यात कुणाच्या तरी मोटरसायकलीनं तिला उडवलं होतं. तेव्हापासून ती आमच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे विजेच्या डीपीच्या सावलीत बसायची आणि माझ्याकडं बघत राहायची. मी झाडू घेऊन बाहेर आले तरी उठायची नाही. शेपटी तेवढी दोनदा जमिनीवर आपटायची. मला ते बघवायचं नाही. मी तिच्याकडं पाठ करून अंगण झाडायची.

नातीनं तिच्यासाठी घरात मोहीमच उघडली होती. पाचवीत आहे, बोलण्यात माझ्यावर गेलीय. "पप्पा, तिला आत घेऊ या ना. घरात नाही, नुसतं ओट्यावर. ती काही मागणार नाही, मी विचारलंय तिला." माझा मुलगा तसा लेकीपुढं लोण्यासारखा. पण ह्या एका गोष्टीत नाही. ओरडायचा नाही, एवढंच म्हणायचा, "कुत्रं नको." आणि जागेवरून उठून जायचा.

सूनबाईनं मला एकदा स्वयंपाकघरात गाठलं. "आई, हे बाकी कशालाच तिला नाही म्हणत नाहीत. कुत्र्याचं नाव काढलं की चेहरा दगडासारखा करतात. लहानपणी चावलं होतं का यांना काही?"

"नाही बाई. कुठं काय," म्हटलं मी आणि कढईत मोहरी टाकली, म्हणजे पुढचं बोलणं ऐकू येणार नाही.

चावलं कुणी नव्हतं. काय झालं होतं ते मला माहीत होतं. म्हणजे, निम्मं माहीत होतं. उरलेलं निम्मं मला एका पिक्चरच्या दिवशी कळलं.

आषाढात सुनेच्या माहेरी जळगावला बारसं होतं. आम्ही चौघं मुलाच्या गाडीनं गेलो, एक रात्र राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघायचं ठरलं. तर सकाळीच नातीनं सुरू केलं. इथं टॉकीजला कुत्र्यांचा पिक्चर लागलाय, आमच्या बाईंनी वर्गात सांगितलंय, घरच्या सगळ्यांना घेऊन बघा म्हणून. तिचे पप्पा म्हणाले, "तुम्ही तिघी बघा. मी बाहेर गाडीत बसतो, दोन फोन करायचेत."

"फॅमिली पिक्चर आहे पप्पा, बाहेर बोर्डावर लिहिलंय. तुम्ही फॅमिलीत येता का नाही?"

 आला बिचारा.

मी टॉकीजमध्ये किती वर्षांनी गेले ते आठवत नाही. आमचे हे होते तेव्हा धुळ्याला दोनचार बघितले असतील, लाकडी खुर्च्यांवर, वर पंखा कुरकुरतोय. इथं खुर्ची अशी मऊ की मी बसले ती मागं पडलेच. "अगं धर!" म्हणाले तर पुढचे लोक वळून हसायला लागले. थंडी तर विचारू नका. बारशात मिळालेली साडी मी पिशवीतून काढून पायांवर घेतली.

पिक्चर साधाच होता. एक रिटायर झालेला कंडक्टर असतो, त्याचा नातू आणि नात. गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग असते, कापसाची. तिथं ही तिघं मिळून टाकून दिलेली कुत्री गोळा करतात. कुणी एका डोळ्यानं आंधळं, कुणाची कातडी गेलेली, एक तर इतकं म्हातारं की चालता चालता झोपायचं. कंडक्टर त्यांना रांगेत बसवून जेवायला वाढायचा आणि ओरडायचा, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा नाही!" पोरं खिदळत होती. माझी नात तर खुर्चीत उभीच राहिली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मला तो कंडक्टर आवडला. नवरा गेल्यावर मला आवडलेला पहिला पुरुष, असं मी सुनेच्या कानात म्हणाले तर तिला ठसका लागला.

आणि मग ते आलं.

कंडक्टरच्या नातीला सापडलेलं ते म्हातारं कुत्रं कुठून आलं, ते दाखवतात. हायवेला एक गाडी थांबते. दार उघडतं. आतून एक हात कुत्र्याला खाली उतरवतो, मारत नाही हं, नीट उतरवतो. तोच हात एक बिस्कीट लांब फेकतो. कुत्रं बिस्किटाकडं जातं. दार लागतं. एवढंच. कुत्रं वळतं तोवर गाडी निघालेली. ते धावतं, धावतं, आणि बिस्कीट तसंच रस्त्यावर पडलेलं दिसतं.

 मागच्या रांगेत एका लहान पोरानं विचारलं, "मम्मी, ते विसरले का त्याला?" मम्मीनं त्याला मांडीवर ओढलं.

माझ्या शेजारची खुर्ची हलली. मुलगा उठून बाहेर गेला. मला वाटलं फोन आला असेल. मध्यांतर झालं तरी येईना, म्हणून मी हळूहळू पायऱ्या उतरत बाहेर गेले. तो हात धुवायच्या बेसिनपाशी उभा होता. तोंडावर पाणी मारत होता, पुसत होता, पुन्हा मारत होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली कितीतरी माणसं काम करतात त्याच्या. मी आलेली आरशात त्याला दिसली. म्हणाला, "एसीनं डोळे चुरचुरतात गं." मी म्हटलं, "हो, फारच गार आहे आत." दोघंही खोटं बोललो आणि आत जाऊन बसलो.

पिक्चरचा शेवट गोड होता. त्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही घर मिळालं. लेकरं बघतात, तेव्हा शेवट गोड करावाच माणसानं. मला मात्र पुढचं काही धड दिसलं नाही.

परतीच्या वाटेला नात अर्धा तास बडबडली आणि एरंडोल यायच्या आत आईच्या मांडीवर झोपली. मी पुढं बसले होते, मुलाच्या शेजारी. माझ्याकडं वळूनही न बघता, रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "आई, आपला तो कुत्रा आठवतो का गं तुला? काळा. छातीवर पांढरा."

माझ्या हातातली पाण्याची बाटली मी घट्ट धरली. "आठवतो."

"मी त्याला रोट घातला होता."

"माहीत आहे रे."

"तुला नाही माहीत," तो म्हणाला. "मला किती वर्षं वाटायचं की कानबाईनं त्याला नेलं. मी रोट दिला म्हणून. आता नाही वाटत, म्हणजे डोक्याला नाही वाटत. पण रोट ताटात आला ना, की अजून घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

मागून सूनबाई म्हणाली, "म्हणून तुम्हाला दरवर्षी बरोबर रोटांच्याच दिवशी ड्युटी निघते!" मग तिला कळलं असावं की ही हसायची वेळ नाही. 

आता तुम्ही खानदेशातले नसाल तर तुम्हाला हे रोटांचं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. नारळाची देवी, तिला दागिने, नथ, सगळं लेणं. दुसऱ्या दिवशी नाचत गात नदीवर नेऊन शिरवायची, म्हणजे विसर्जन करायची. तिच्या नैवेद्याचे ते रोट. पुरणाच्या पोळ्याच असतात, पण गहू आणि डाळ घ्यायची पद्धत वेगळी. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ. जेवढी माणसं तेवढ्या मुठी. भाऊबंद भांडलेले असोत, वेगळे निघालेले असोत, रोटाला एका घरात जमायचं. आणि रोट खायचा तो फक्त कुळातल्यांनी. शेजाऱ्याला नाही, लग्न झालेल्या लेकीलासुद्धा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचे. चुकून तुकडा उरलाच तर जमिनीत पुरायचा, पण परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही. गेला तर कानबाई कोपते.

माझं सासर पारोळ्याच्या पुढं, आडवाटेला. कपाशीचं कोरडवाहू रान. त्या घरात तो काळा कुत्रा होता. नाव होतं त्याला, पण ते मी मुद्दाम लिहीत नाही. मुलगा तिसरीत होता तेव्हा. दोघांचं खाणं, झोपणं, पांदीनं हुंदडणं सगळं बरोबर. त्या वर्षी रोट बरेच झाले होते. पौर्णिमा दोन दिवसांवर आली आणि मुलाच्या वाटणीचे दोन रोट अजून शिल्लक. सासूबाईंनी त्याला ताट देऊन बसवलं, संपवल्याशिवाय उठायचं नाही. पोराचं पोट ते केवढं. समोर कुत्रा बसलेला, लाळ गळतेय. त्यानं मोडला रोट, अर्धा कुत्र्याला, अर्धा आपण. दुसरा तर सगळाच कुत्र्याला. सासूबाई दारातून बघत होत्या.

"कानबाईना रोट कुत्राना पोटमा गया," त्या एवढंच म्हणाल्या. पोराला मारलं नाही, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि देवीपुढं नाक घासायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. श्रावणातला ताप, कुणालाही येतो. पण मी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, एकुलतं एक पोर. मला वाटलं, आज सासूबाईंवर आलंय, उद्या माझ्या लेकरावर येईल. रोट ज्याच्या पोटात गेला तो घरातून बाहेर गेला पाहिजे. कुणी सांगितलं नाही मला. सासूबाईंनीही नाही. मीच ठरवलं.

हे सगळं मला गाडीत सांगता येईना. पारोळ्याची घरं दिसायला लागली तसं मी म्हटलं, "गाडी थांबव रे जरा."

"चहा हवाय?"

"थांबव."

बाजाराकडं वळायच्या तोंडाशी एक चहाची टपरी होती. त्यानं गाडी कडेला घेतली. मी उतरले. पाय आखडले होते, दाराला धरून उभी राहिले. ऊन उतरलं होतं, मिरच्यांच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो उभा होता आणि वास नाकात झोंबत होता. बाजार खूप बदललाय. तरी मला जागा ओळखू आली.

"इथं सोडला मी त्याला," मी म्हटलं.

तो गाडीतून उतरला आणि वळसा घालून माझ्यापाशी आला.

"तू शाळेत गेलास आणि मी बाजाराच्या बैलगाडीत बसले. त्याला बांधलं नाही, पोत्यात घातलं नाही. नुसती हाक मारली. सगळी वाट गाडीच्या मागं मागं आला तो, मधेच पुढं पळायचा, वळून बघायचा आम्ही येतोय ना. त्याला वाटलं आपल्याला फिरायला नेताहेत. इथं कुठंतरी धान्याच्या ओट्यापाशी मी त्याच्यापुढं दोन भाकरी टाकल्या. तो खाली मान घालून खायला लागला आणि मी गाडीत बसले."

"तू सांगितलंस की तो आपणहून गेला."

"हो."

"मी रोज खळ्यापर्यंत जायचो शोधायला."

"मी बघायची."

टपरीवाल्यानं विचारलं, किती चहा. मुलानं त्याला हातानंच थांब म्हटलं.

"आणि परत नाही आला?" मुलानं विचारलं. आता त्याचा आवाज तिसरीतल्या पोरासारखा झाला होता. "एवढ्याशा अंतरावरून कुत्रं परत येतं, आई."

इथं मी खोटं बोलू शकत होते. चाळीस वर्षं बोललेच होते, त्यात आणखी एक. पण मला ते बिस्कीट दिसत होतं, रस्त्यावर पडलेलं.

"आला होता. तिसऱ्या दिवशी, सकाळी. तू झोपला होतास. मी सडा टाकायला दार उघडलं तर उभा. पाय चिखलानं भरलेले. शेपटी आपटत होता." मी पदरानं तोंड पुसलं. "मी म्हटलं, 'जाय! जाय आठून!' जाईना. मग मी दगड उचलला."

"लागला?"

"लागला. मागच्या पायाला."

तो टपरीकडं गेला. मला वाटलं गाडीत जाऊन बसेल, मला इथंच सोडलं तरी चालेल, असंही मनात येऊन गेलं. तो दोन चहा घेऊन आला, एक माझ्या हातात दिला. बराच वेळ फुंकर घालत उभा राहिला.

"का नाही सांगितलंस?"

"घाबरले."

"कुणाला?"

"आधी कानबाईला. मग तुला."

चहा संपवून आम्ही निघालो. नात जागी झाली, तिनं विचारलं, "भांडलात का तुम्ही?" सूनबाईनं तिला बिस्किटाचा पुडा दिला आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले.

चार दिवस मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलला. गोळ्या घेतल्यास का, फोन चार्ज आहे का. वाईट काही नाही.  चार दिवस मी बाटल्यांचं पाणीही बदललं नाही. झाडताना मात्र पाठ केली नाही. ती तांबडी कुत्री तिकडून बघायची आणि मी इकडून.

पाचव्या दिवशी तो ऑफिसातून आला, गाडी लावली आणि फाटकातून आत न येता सरळ रस्ता ओलांडून पलीकडं गेला. मी ओट्यावर लसूण सोलत होते. तो पँट वर ओढून तिच्यासमोर उकिडवा बसला. ती थोडी मागं सरकली. त्यानं हात पुढं केला, पालथा, बोटं मिटून, अगदी तसाच जसा लहानपणी करायचा. चाळीस वर्षांत मी त्याला कुत्र्यापुढं हात करताना पाहिलं नव्हतं. ती तीन पायांवर उठली, वास घेतला, आणि नाक त्याच्या मुठीवर ठेवून उभी राहिली.

माझ्या हातातला लसूण किती वेळ तसाच होता देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तो आणि नात तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. पाय वाकडाच जुळलाय, आता सरळ व्हायचा नाही, पण दुखत नाही तिला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रेबीजची लस झाली. पिलं न होण्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी टाके बघायला त्या बाई आमच्या घरी आल्या. तरुण पोरगी, पायात बूट. फाटकावरच्या बाटल्या बघून त्यांना हसू आवरेना. "आजी, हे कुत्र्यांसाठी आहे?"

"मग काय शोभेला आहे?" मी म्हटलं.

"अहो, कुत्र्यांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. त्यांना ते मातकट पाणी दिसत असणार."

नात गडागडा लोळली. "म्हणजे आजी, तू इतकी वर्षं फक्त पोस्टमनला घाबरवत होतीस!"

मी चारही बाटल्या काढल्या. कुंकवाचं पाणी तुळशीत नको म्हणून जास्वंदीला घातलं. नातीनं एक बाटली आडवी कापली, कडेला मेणबत्तीनं भाजून गुळगुळीत केलं, आणि कुत्रीला पाणी प्यायला ठेवली. ती आता ओट्यावर राहते. घरात येत नाही, मी येऊ देत नाही, तेवढा माझा मान तिनं ठेवलाय. दुपारी दार लोटून मी पडते तेव्हा पलीकडून तिच्या शेपटीचा आवाज येतो.

पण तुम्ही म्हणाल, मुलाचं काय. तेच सांगतेय.

श्रावण आला. रोट आमच्या मोठ्या जाऊबाईंकडं असतात, गावाला. सगळं घर त्यांना अक्का म्हणतं. वय पंच्याहत्तरच्या पुढं, कमरेत वाकल्यात, पण जिभेत वाक नाही. मी मुलाला काही विचारलं नाही. विचारलं आणि ड्युटी आहे म्हणाला तर? आदल्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, "किती वाजता निघायचं?" कुत्रीला शेजारच्या वहिनींकडं सोपवलं आणि निघालो.

गव्हाची परात घेऊन अक्का मधल्या घरात बसल्या होत्या. एकेकाचं नाव घेत मूठ टाकत होत्या, वर चिमूटभर सव्वाची. नात त्यांच्या पुढ्यात बसून मोजत होती. आमच्या घरच्या मुठी झाल्या तशी म्हणाली, "अक्का, एक राहिली. आमच्या कुत्रीची."

घरात चार-पाच बायका होत्या. सगळ्यांचे हात थांबले. अक्कांनी डोळे बारीक केले. "माय व माय! कुत्रीनी मूठ?"

मी नातीला मागं ओढायला हात केला, तेवढ्यात दारातून मुलगा म्हणाला, "नाही बेटा. रोट घरच्यांचाच असतो. तिला रोट नको."

आता हे त्यानं शांतपणे म्हटलं. पण मला वाटलं, झालं. मनातून गेलं नाही याच्या. उद्याही हा ताटावरून उठणार.

अक्का मात्र त्याच्याकडंच बघत होत्या. "रोट नही भेटाव तिले," त्या म्हणाल्या. "पन भाकर देसू मी. एक नही, दोन देसू. अन् तुनं काय रे? तुनी मूठ दरसाल लेस मी. तू येस नही, अन् तुना रोट मले खावा लागस. पुनीव लगून मनं पोट नगारा व्हई जास! आवंदा तरी खाशी का?"

पौर्णिमेपर्यंत पोटाचा नगारा होतो, हे ऐकून बायका हसल्या. मुलगाही हसला. मग त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. "घाल मूठ," म्हणाला. "खातो."

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली, आरती झाली, पंगत बसली. मी वाढत होते, कारण बसले असते तर माझ्यानं त्याच्याकडं बघितल्यावाचून राहवलं नसतं. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, आणि रोट. मी त्याच्या ताटात रोट ठेवला आणि पुढं सरकले. मागं बघितलं नाही. पंगतीच्या टोकापर्यंत गेले, खिरीचं भांडं घेऊन परत आले. त्यानं तुकडा मोडून हातात धरला होता. नात शेजारी बसून त्याच्या तोंडाकडं बघत होती, तिला काय माहीत होतं काय नव्हतं देव जाणे. त्यानं तो घास तोंडात घातला. चावत राहिला, खूप वेळ. गिळला. पाण्याचा घोट घेतला. दुसरा मोडला.

मी आत गेले आणि चुलीपाशी उगीच राख सावरत बसले.

बाहेरून त्याचा आवाज आला. शहरात मुरलेला तो, नोकरीतली भाषा बोलणारा, पण अक्कांशी बोलताना गावचाच झाला. "अक्का, आखो एक वाढ."

"खाय बेटा, खाय," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा तुनाच शेत." म्हणजे, सगळे तुझेच आहेत.

सोमवारी कानबाई शिरवून आम्ही निघालो. अक्कांनी खरोखरच दोन भाकरी थापल्या होत्या, तूप लावून, स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवल्या. पारोळ्याच्या बाजाराच्या वळणावर मुलानं गाडी थांबवली नाही, पण हळू केली. डावीकडं धान्याचे ओटे होते. त्यानं बघितलं, मी बघितलं.

"काळाच होता ना गं? छातीवर पांढरा?" त्यानं विचारलं.

"आणि डाव्या कानाला एक खाच होती," मी म्हटलं.

"हो. हो, खाच होती," तो म्हणाला, आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला घेतली. मांडीवरचं फडकं अजून कोमट होतं.